टर्बो कोणी उघडला?

शिटी पहिल्यांदा ऐकू आली ती दिवाळीच्या सुट्टीत. माजलगावला सासुरवाडीत सीताफळं पोहोचवून परत येत होतो. डिकीत रिकाम्या पाट्या, वास तेवढा उरलेला. तेलगाव मागं पडलं, धारूरचा घाट लागला, ॲक्सिलेटर दाबला आणि बॉनेटखालून कुकरची शिटी व्हायच्या आधी निघतो तसा बारीक सूर निघाला. पाय उचलला की बंद, दाबला की सुरू. हिला म्हणालो, "ऐकलंस का?" ती म्हणाली, "खिडकी नीट लागली नसंल." मलाही तेच पटवून घ्यायचं होतं.

पुढचे आठ दिवस मी ती शिटी ऐकत गाडी चालवली. हे आधीच कबूल करतो, कारण शेवटी जे तीन हजार रुपये गेले ते याच आठ दिवसांनी नेले.

गाडी २०१३ ची डिझेल डिझायर, काट्यावर १ लाख ६८ हजार किलोमीटर. इंजिन १२४८ सीसीचं, मुळात फियाटचं. एकेकाळी हेच इंजिन स्विफ्टमध्ये, इंडिका व्हिस्टात, पुंटोत, जिथं बघावं तिथं होतं. गाड्यांचे शौकीन त्याला गमतीनं 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम आले आणि मारुतीनं डिझेल गाड्या बंद केल्या. तेव्हापासून आमच्यासारख्यांचं कसं आहे, गाडी दणकट म्हणून विकवत नाही आणि काही मोडलं की पहिला प्रश्न हाच पडतो, की बारा वर्षांच्या गाडीवर किती घालायचे.

नवव्या दिवशी उत्तर द्यायची वेळ आली. साखर कारखान्यांचं गाळप नुकतंच सुरू झालेलं. तेलगावच्या कारखान्यावर ऊस टाकून दोन रिकाम्या ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर घाट चढत होता, मी त्याच्या मागं. ओव्हरटेक करायला गिअर खाली घेतला, पाय दाबला, आणि गाडीनं ओढच घेतली नाही. आरशात बघतो तर मागं निळा धूर, शेतात पाचट पेटवल्यासारखा. बाजूला घेऊन मामूंना फोन लावला. मामू म्हणजे आमचे धारूरचे मिस्त्री. सगळा तालुका त्यांना मामूच म्हणतो. त्यांनी रंग विचारला. काळा का निळा? निळा म्हणताच म्हणाले, "सर, चावी काढा अन् आता हात लावू नका. टर्बोतून ऑइल इंजिनात चाललंय. डिझेल गाडी हाय, सोताचं ऑइल पिऊन पळाली तर चावी काढून पण बंद होत न्हाई."

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. मी विज्ञान शिकवतो. हे मला माहीत असायला हवं होतं. डिझेल इंजिनला ठिणगी लागत नाही. दाबलेली गरम हवा आणि जळणारं काहीही मिळालं की ते चालतं. पिकअपला दोर बांधून गाडी गॅरेजात आणली.

मामूंनी इंटरकूलरकडं, म्हणजे टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडं, जाणारा पाइप काढला, तर त्यातून पाऊण तांब्या ऑइल निघालं. मग टर्बोच्या तोंडात बोटं घालून शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, हलवून दाखवला. म्हणाले, आडवा जरासा हलतो ते चालतं, कारण तो बेअरिंगवर टेकलेला नसतो, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. पण आत-बाहेर हलला की संपला. माझा आत-बाहेर हलत होता, आणि पंख्याच्या पात्यांनी टर्बोच्या घराच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, आतल्या बाजूला चकचकीत कडं पाडलं होतं. शिटी म्हणजे नेमकं काय होतं ते तेव्हा कळलं. या लहान टर्बोचा शाफ्ट जोरात चालताना मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो. एका टोकाला सायलेन्सरकडं जाणारा तापलेला धूर, दुसऱ्या टोकाला हवा ओढणारा पंखा, आणि मधे हे सगळं सांभाळायला फक्त ऑइल.

"बदलावा लागंल," मामू म्हणाले. "कसला घालायचा ते तुमी बघा."

हे 'कसला' प्रकरण मला वाटलं त्यापेक्षा मोठं निघालं.

कंपनीच्या शोरूमला फोन केला तर नवा २६ हजार ८००, फिटिंग वेगळं. २०२५ च्या सप्टेंबरात पार्ट्सवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, त्यानंतरचा हा भाव. तालुक्याच्या गावातल्या एका दुकानदारानं 'नवा ओरिजिनल' ११ हजारांत देतो म्हणून सांगितलं. जाऊन बघितला. पांढरा डबा, त्यावर एमआरपी नाही, उत्पादनाचा महिना-वर्ष नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. ओरिजिनल म्हणजे कोणाचा, हा प्रश्न विचारल्यावर ते जरा नाराज झाले. तिसरा मार्ग मामूंच्या ओळखीतला: घर जुनंच ठेवायचं, आतली कार्ट्रिज, म्हणजे शाफ्ट-पंख्याचा जोडलेला गाभा, तेवढी बदलायची, साडेसहा हजार. चौथा, ॲक्सिडेंटच्या गाडीतून काढलेला, पाच हजार, "चालू होता सर, गॅरंटी नाही." आणि पाचवा संभाजीनगरचा. तिथल्या एका टर्बोवाल्याकडं रिमॅन, म्हणजे जुना सुटा करून नव्यासारखा पुन्हा बनवलेला, मिळतो. १४ हजार ५००, वर कोअरचं, म्हणजे परत द्यायच्या जुन्या टर्बोचं, डिपॉझिट तीन हजार. जुना टर्बो परत दिला आणि तो त्यांच्या कामाचा निघाला, तर डिपॉझिट परत. वॉरंटी एक वर्ष किंवा २० हजार किलोमीटर.

घरी रात्री जेवताना विषय काढला. हिचं मत स्पष्ट: "वापरलेला माल कशाला? जीव बसून जायचाय त्यात." हे मत चुकीचं म्हणता येत नाही. माझ्याही मनात 'नवा' या शब्दाला वजन होतं. पण सप्टेंबरच्या अतिवृष्टीत दादाचं सोयाबीन गेलेलं, रब्बीच्या पेरणीला घरातून हातभार लावायचा होता, आणि २६ हजार म्हणजे थट्टा नव्हती.

तोड काढली ती दादानंच, तीही गाडीबद्दल काहीही माहिती नसताना. तो म्हणाला, "आपल्या विहिरीवरची मोटर किती येळा भरली?"

तीन वेळा. मोटर जळली की ती भरून आणायची, हे मराठवाड्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. बॉडी तीच, शाफ्ट तोच, आतली तार नवी. पहिल्यांदा गावातच भरली, सहा महिन्यांत जळाली. त्या पठ्ठ्यानं ॲल्युमिनियमची तार घातली होती. दुसऱ्यांदा केजला. तिसऱ्यांदा अंबाजोगाईला एका म्हाताऱ्या कारागिराकडं, आणि ती आजही चालू आहे. दादा म्हणाला, "मोटर जुनी का नवी हे कोण इचारतंय? कोणी खोलली, तार कोणती घातली अन् पाण्यात सोडायच्या आधी चालवून बघितली का, एवढंच इचारायचं. तुझ्या टर्बोचं काय येगळं असतंय?"

तोवर मी वापरलेला, दुरुस्त केलेला, रिकंडिशन आणि रिमॅन या सगळ्यांना एकाच पोत्यात घालत होतो. दुकानदारही घालतात, मामू तर सगळ्याला 'रिकन' म्हणतात. पण भंगारातून काढून पुसून दिलेला टर्बो हा फक्त जुना टर्बो. जे बिघडलं तेवढंच बदललं तर ती दुरुस्ती. रिमॅन म्हणायचं तर तो पार सुटा करायला हवा, प्रत्येक भाग धुऊन मोजायला हवा, झिजणारं सगळं नवं घालायला हवं, आणि शेवटी नव्याची जी चाचणी होते तीच त्याचीही व्हायला हवी. यातलं काय खरंच होतं ते फोनवर कळणार नव्हतं. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा करून एसटीत बसलो. गेवराई, पाचोड, आडूळ करत चार वाजून गेल्यावर संभाजीनगर.

दुकान वाळूजकडं जाणाऱ्या रस्त्याला. बाहेरून सामान्य, पण आत गेलं की वाळूजच्या कारखान्यांच्या सावलीत वाढलेली जागा आहे हे कळतं. चाळीस वर्षं त्या भागात गाड्यांचे पार्ट बनतात. मोजमाप न करता बोलणारा माणूस तिथं फार टिकत नसावा. एका मांडणीवर आलेले जुने टर्बो, प्रत्येकावर खडूनं नंबर. काळे, चिकट, हाडांच्या ढिगासारखे. दुसऱ्या टोकाला तयार झालेले, तोंडाला प्लॅस्टिकची टोपणं लावलेली.

मालक पन्नाशीचे. मी प्रश्नांची तयारी करून गेलो होतो, पण पहिला प्रश्न त्यांनीच विचारला.

"सर, तुमचा गेला कशानं?"

म्हटलं, जुना झाला होता.

"टर्बो म्हातारा होऊन क्वचितच मरतो. ऑइल मिळालं नाही, नाहीतर घाण ऑइल मिळालं, नाहीतर फिल्टरमधून काहीतरी आत गेलं. ते शोधल्याशिवाय कंपनीचा नवा घाला की आमचा घाला, तीन महिन्यांत परत याल. आणि परत आलात तर वॉरंटी देणार नाही, हे आत्ताच सांगतो."

मला हा माणूस इथंच आवडला. विकायच्या आधी नाही म्हणणारा.

मग त्यांनी टेबलावर एक टर्बो सुटा करून ठेवलेला दाखवला. बेअरिंगच्या जोड्या बोटातल्या अंगठीएवढ्या. शाफ्टला आत-बाहेर सरकू न देणारी थ्रस्ट प्लेट, ऑइल अडवणाऱ्या सील रिंगा, हे सगळं नवं, विचार न करता नवं. शाफ्ट आणि धुराकडचं चाक एकत्रच येतं. ते मोजून ठरवतात, माझ्या गाडीच्या प्रकारात ते बहुतेक वेळा नवंच घालतात. हवेकडचा पंखा नवा. जुनी राहतात ती फक्त घरं: मधलं, धुराकडचं आणि हवेकडचं. तीही तडा नाही हे बघून. "घर जुनं, आतली माणसं नवी," असं ते म्हणाले, आणि हे वाक्य ते रोज म्हणत असणार हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

मी मात्र दादाचा तिसरा प्रश्न धरून बसलो होतो: पाण्यात सोडायच्या आधी चालवून बघितली का? त्यांनी शेजारच्या खोलीतलं बॅलन्सिंगचं मशीन दाखवलं. जोडलेला आतला गाभा त्यात बसवून हवेच्या झोतावर फिरवतात, थरथर मोजतात, जास्त असली तर नटाच्या कडेचा कणभर धातू घासून काढतात. प्रत्येकाची छापील पट्टी निघते, वेग एका बाजूला, थरथर दुसऱ्या. ती पट्टी डब्यात नंबरासह येते. साडेसहा हजारांच्या कार्ट्रिजला अशी पट्टी होती का? मामूंना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "डब्यावर बॅलन्स्ड लिवलंय." लिहिलेलं आणि मोजलेलं यातला फरक मी पोरांना आठवीपासून शिकवतो, त्यामुळं तो पर्याय तिथंच गेला.

कंपनीचा नवा का नाही, हा प्रश्न तरी उरलाच. गाडी चार वर्षांची असती तर मी नवाच घेतला असता, यात शंका नाही. पण माझ्या आरसीची पंधरा वर्षं २०२८ ला भरतात. पुढं नूतनीकरण करायचं की नाही ते तेव्हा बघू. मला टर्बो हवा होता तीन वर्षांसाठी, आणि गाडीच्या बाजारभावाचा दहावा हिस्सा टर्बोत घालणं जिवावर येत होतं. शिवाय गाडीची कंपनी टर्बो स्वतः बनवत नाही, तो बाहेरून घेते. म्हणजे जादाच्या बारा हजारांतले काही डब्यावरच्या नावाचेच. काही मात्र निश्चिंतीचे. ज्याला ते परवडतात त्यानं जरूर द्यावेत, मी त्याला हसणार नाही.

१७ हजार ५०० दिले, बिल घेतलं, त्यावर सिरीयल नंबर आणि वॉरंटीची अट लिहून घेतली. अट एकच जाचक होती: ऑइल बदलल्याचं बिल दाखवावं लागेल. रात्रीच्या एसटीत तो डबा मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या आजींनी विचारलं, "मिक्सर आनला का बाबा?"

रविवारी मामूंनी तो लगेच बसवायला घेतला, तर मीच थांबवलं. आधी कारण शोधा म्हटलं. ऑइल चेंबर उघडला. तळाला डांबरासारखा काळा गाळ, आणि पंप जिथून ऑइल ओढतो त्या जाळीचा निम्मा भाग बुजलेला. टर्बोला ऑइल देणारा बारीक पाइप काढून त्यातून फुंकर मारली तर गाल दुखले, हवा गेली नाही. आत ऑइल जळून कोळसा बसला होता.

दरवाज्याच्या कडेला मागच्या सर्व्हिसचं स्टिकर होतं. या गाडीचं ऑइल दहा हजार किलोमीटरला बदलायचं असतं. मी सोळा हजारांवर होतो. निवडणुकीचं काम, ट्रेनिंग, पाऊस, कारणं भरपूर होती. जाळीला त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. मामू काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त स्टिकरवर ग्रीसचं बोट ठेवलं.

पाइप साफ करू का विचारल्यावर मात्र मी नवाच आणायला लावला. बाराशे रुपयांचा पाइप वाचवून पंधरा हजारांच्या टर्बोला उपाशी कोण ठेवणार? जाळी धुतली, इंटरकूलर डिझेलनं दोनदा खळखळून काढला, कारण त्यात उरलेलं ऑइल परत इंजिनात जाऊन धुराची भीती घालणार होतं. नवं ऑइल, फिल्टर, एअर फिल्टर, गॅस्केटं. ऑइलच्या तोंडाच्या गॅस्केटला सिलिकॉन लावायचं नाही, हे टर्बोवाल्यांनी बजावलं होतं. त्याचे धागे सुटून भोक बुजतं. मामूंचा हात सवयीनं ट्यूबकडं गेला होता, तो मी धरला. "सर, तुमी आता गॅरेजच टाका," म्हणाले.

गाडी वर घेतलीच होती तर आणखी दोन दुखणी निघाली. डाव्या चाकाचा टायरॉड एंड सैल होता, आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर कुरकुरत होता. टायरॉडला मी एक मिनिटही विचार केला नाही: नामांकित कंपनीचा, सीलबंद, नवा. स्टिअरिंग आणि चाक यांना जोडणारा तो सांधा. घाटात तो निखळला तर पैसे वाचवल्याचं समाधान कोणाला सांगणार? अल्टरनेटरचं उलट. नवा नऊ हजारांच्या घरात, पण बिघडलेलं काय, तर बेअरिंग आणि झिजलेले ब्रश. आमच्याच गावच्या वायरमननं १६०० रुपयांत दोन्ही बदलून, मीटर लावून साडेचौदा व्होल्टच्या आत चार्जिंग दाखवलं. बंद पडलाच तर फार तर रस्त्यात उभं राहावं लागेल. म्हणजे एकाच दिवशी एकाच गाडीत मी नवा, रिमॅन आणि दुरुस्त असे तिन्ही पार्ट बसवले. हिनं बिलं बघून विचारलं, "मग तुमचं ठरलं काय नेमकं?"

सुरू करायच्या आधी टर्बोच्या तोंडात ऑइल ओतून पंखा बोटानं फिरवला. इंजेक्टरच्या वायरी काढून ठेवून नुसता स्टार्टर मारला, थांबून परत मारला, ऑइल वरपर्यंत पोहोचेपर्यंत. मग वायरी जोडून चालू. दहा मिनिटं गाडी नुसती उभी ठेवली. पहिली पाच मिनिटं धूर निघालाच, आणि माझ्या पोटात गोळा आला, पण तो सायलेन्सरमध्ये साचलेला जुना हिशेब होता. जळून गेला. संध्याकाळी घाट उतरून परत चढलो. शिटी नाही. वर आल्यावर लगेच चावी न काढता मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवलं. तापलेला टर्बो अचानक थांबला की त्यातलं ऑइल तिथंच करपतं. ती सवय आता लागली आहे. शेजाऱ्यांना वाटतं, सर फोनवर बोलत बसतात.

जुना टर्बो ट्रॅव्हल्सच्या गाडीनं संभाजीनगरला पाठवला आणि तीन हजारांची वाट बघत बसलो. चौथ्या दिवशी फोन आला. "सर, कोअर रिजेक्ट. हवेकडचं घर पात्यांनी खाल्लंय, मोजमापात बसत नाही. धुराकडच्या घराला तडा आहे. शिटी वाजल्यावर किती दिवस चालवली?" मी खरं सांगितलं. ते म्हणाले, पहिल्याच दिवशी थांबला असतात तर घरं बहुतेक वाचली असती. फोटो पाठवले, मोजपट्टी लावून. भांडायला जागा नव्हती. तो टर्बो भंगारात टाकू का म्हणाले, मी परत मागवला. पार्सलचे दीडशे आणखी गेले.

आता तो शाळेत, प्रयोगशाळेच्या टेबलावर असतो. पोरं पंखा फिरवतात, तो घराला घासून खर्र आवाज करतो. परवा सातवीच्या वर्गाला तो दाखवत होतो: धूर इकडून येतो, चाक फिरतं, हवा तिकडून ओढली जाते, मधे ऑइल. एका पोराचा बाप उसाच्या ट्रॅक्टरवर आहे. त्यानं शाफ्ट आत-बाहेर हलवून बघितला, अगदी मामूंसारखा, आणि वर मान करून विचारलं,

"सर, तुमी ऑइल कवा बदललं व्हतं?"